सहा वस्तूंचा ब्लोअर

आमच्या मराठीच्या बाईंचं एक ब्रह्मवाक्य होतं: निबंधात एकच शब्द दोनदा आला, की लिहिणाऱ्याचं दुकान रिकामं समजायचं. मी एम.ए. होईपर्यंत ते पाळलं. माझ्या एका परिच्छेदात सूर्य, रवी, भास्कर, दिनकर असे चौघे उगवायचे आणि मार्कही भरपूर मिळायचे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला नाशिकमध्ये अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मला नोकरी लागली. द्राक्षबागेत औषध मारायचे ब्लोअर तिथे बनायचे, ट्रॅक्टरच्या मागे जोडायचे. मालकांना सगळे शेठ म्हणत. माझं काम शेतकऱ्यांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहिण्याचं. "तीन महिने बघू, मग पक्कं करू," शेठ म्हणाले. नाशिक रोडला घरी वडिलांनी त्याला स्वतःची अट चिकटवली. नोकरी पक्की झाली तर दोन वर्षं लग्नाचा विषय बंद. नाही झाली तर मुदत संपल्यावरच्या पहिल्याच रविवारी पाहुणे बघायला येणार. मुलगा वाईट होता असं नाही हो, पण मला तेव्हा कुणीच नको होतं. मला कारखान्यातलं माझं खिडकीजवळचं टेबल हवं होतं.

कारखान्यात एकाच गोष्टीला ज्याचा त्याचा शब्द होता. फवारा बारीक पडला की शेठ म्हणायचे, "ही आपली टेक्नॉलॉजी!" जाड पडला की, "कामगारांना अक्कल नाही." फिटरकाका सगळ्यालाच 'सिस्टीम' म्हणायचे, पण ती बंद पडल्यावरच. 'तंत्रज्ञान' फक्त उद्घाटनाच्या भाषणात, हार घालून झाल्यावर ऐकू यायचं. 'यंत्रणा' पेपरात असायची, आणि कायम ढिम्म. 'तंत्र' मात्र आमच्या घरात होतं. "तुझ्या आत्याचं तंत्र सांभाळण्यात माझा जन्म गेला," असं आई दिवसाआड म्हणायची.

मी बाईंची गुणी विद्यार्थिनी. लिहिलं: 'या ब्लोअरमध्ये आधुनिक तंत्रज्ञान आहे. त्यातील तंत्र सोपे असून प्रणाली टिकाऊ आहे. यंत्रणेला देखभाल कमी लागते, प्रविधी विश्वसनीय आहे आणि ही तंत्रविद्या आपल्या बागेचे सोने करील.' शेठ खूश झाले. "वजन आहे," म्हणाले, आणि छापायला दिलं.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात, शुक्रवारी, आम्ही ओझरच्या पुढे एका बागायतदाराकडे ब्लोअर पोचवायला गेलो. शेठ, फिटरकाका आणि मी. शेजारचे चार बागायतदार बांधावर येऊन बसले होते. हे मशीन पसंत पडलं तर तेही घेणार होते. हळदकुंकू, नारळ, सगळं तयार. आणि बागायतदाराची बायको, म्हणजे घरच्या वहिनी, माझं पत्रक आणि पेन्सिल घेऊन उभ्या. दारात आलेली प्रत्येक वस्तू कागदाशी ताडायची आणि मगच नारळ फोडायचा, ही त्या घरची रीत होती.

"तंत्रज्ञान?" वहिनींनी विचारलं.

फिटरकाकांनी टाकीवर थाप मारली. पेन्सिलची खूण झाली. "तंत्र?" पंखा. "प्रणाली?" नळ्या. "यंत्रणा?" पंप. मी उरलेले शब्द मनात मोजायला लागले. "प्रविधी?" काकांनी नोझलची पिशवी वर धरली.

"आन् तंत्रविद्या?"

ब्लोअरवर आता दाखवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. काकांनी गुपचूप जीपमधला जॅक आणून ठेवला.

"ह्यो तुमच्या गाडीचा हाय," वहिनी म्हणाल्या. "आमची तंत्रविद्या कुठं ठेवली?"

वहिनींच्या नवऱ्यानं नारळ खाली ठेवला. "शेठ, सहातल्या पाचच वस्तू आणल्या तुम्ही. अपुऱ्या मालाला नारळ नाय फोडत आम्ही." बांधावरचा एकजण चपला शोधायला लागला. शेठनी माझ्याकडे असं काही बघितलं, की मला रविवारचे कांदेपोहे तिथेच दिसायला लागले.

रडू येत होतं, तरी बोलले. "वहिनी, सगळं एकच आहे हो. हे मशीन, आणि ते चालतं कसं, एवढंच. मी नुसती नावं बदलत गेले. शाळेत तसं शिकवलं होतं. चूक माझी आहे, शेठची नाही."

वहिनींनी पत्रकातल्या सहाही शब्दांवरून बोट फिरवलं. "म्हंजे मला ह्या घरात सूनबाई म्हणत्यात, वहिनी म्हणत्यात, काकी म्हणत्यात, मामी म्हणत्यात, तसं?"

"अगदी तसंच."

"नावं लय हायेत गं, पण भाकरी थापायला मी एकटीच."

बांधावर हशा पिकला. चपला शोधणारा परत खाली बसला. वहिनींनी पाचही खुणा खोडल्या आणि एकच मोठी खूण केली. "फोडा हो नारळ," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

ब्लोअर झकास चालला. आम्ही सगळे भिजलो, पण टाकीत साधं पाणीच होतं, नशीब!

परतताना जीप नाशिकच्या द्वारका चौकात आली. शेठ म्हणाले, "पत्रक नव्यानं लिही. सोमवारी पाहिजे. आणि पुढची मशीनं पोचवायला तूच चल."

"पण शेठ, माझी मुदत उद्या संपते."

"कसली मुदत?"

तीन महिने मी एकेक दिवस मोजत होते, आणि या माणसाच्या लक्षातच नव्हतं! "तू पक्कीच आहेस ना?" असं वर मलाच विचारलं.

घरात पाऊल टाकताच सांगितलं, "बाबा, पाहुण्यांना नको म्हणून कळवा."

"अगं, पण कारण काय सांगू?"

"मुलीला वेळ नाही म्हणावं."

बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या, फोन लावला, घसा खाकरला. "नमस्कार. रविवारचं जमणार नाही. नाही, नाही, तसं काही नाही. आमच्या मुलीला कामं आहेत हो." माझा दहावीचा निकाल शेजाऱ्यांना सांगताना त्यांचा जो आवाज लागला होता, अगदी तोच.