न टाकलेलं कार्ड

१९७१च्या जूनमध्ये मी बपेरा सोडलं, तेव्हा माझी लोखंडी पेटी मायच्या डोक्यावर होती आणि मी मोकळ्या हातांनी तिच्या मागून चालत होते. नर्सिंगला निवड झालेली पोर पेटी कशी उचलणार! तुमसरची बस येईपर्यंत मायने एकच गोष्ट चारदा सांगितली. लाखोळीच्या वड्यांची पुरचुंडी हातात कोंबताना पाचव्यांदा म्हणाली, "रोजा, तुह्या बापाले काई झालं तं फादरले संग घेऊनच येजो. माह्यं इथं कोन आयकते?" बाबा शेजारीच उभे होते, चांगले धडधाकट. ते हसले, मीही हसले.

बपेऱ्यात राहिलेल्यांना हे सांगायला नको. पण माझ्यासारखे नागपूरला, भिलाईला गेलेले कितीतरी जण मायला 'ती ख्रिस्तीणबाई' एवढंच ओळखत होते. माय पोरकी, मिशनच्या बोर्डिंगमध्ये वाढलेली. तिथे तिला शिवण शिकवलं, प्रार्थना पाठ करून घेतल्या. वाचायला शिकवायचं तेवढं राहून गेलं. तिच्याशी लग्न करायचं म्हणून बाबांनी बाप्तिस्मा घेतला. सगळ्या गावात कॅथलिक घर आमचं एकच, बाबांचे भाऊ-पुतणे हिंदूच राहिले. माय धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात वाकलेली असायची आणि ओठ जपमाळेवर हलत असायचे. चार लेकरं झाली, त्यातलं एक जगलं, ते मी. फादर वर्षातून दोन-तीनदा यायचे, आमच्या सारवलेल्या अंगणात मिस्सेची उपासना व्हायची. जाळलेला माणूस शेवटच्या दिवशी पुन्हा उठत नाही, त्याला आगीतच राहावं लागतं, असं तिला लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं. ते तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

बाबा गेले ते १९७४च्या ऑगस्टमध्ये, दोन दिवसांच्या तापाने. नाल्याला पूर आल्याने तालुक्याचा रस्ता बंद होता. फादर तिकडे, कबरस्तान तिकडे. धानाच्या बांध्यांत गुडघाभर पाणी, त्यामुळे शेतात पुरायचं तर खड्डा खणला की भरायचा. माझा चुलतभाऊ गणपतदादा नाल्याच्या कडेकडेने चालत गेला, दूरचा पूल गाठून त्याने मला तार केली आणि परत येऊन दुसऱ्या दुपारपर्यंत माझी वाट पाहत थांबला. मग गोठ्यावरची आपली कोरडी लाकडं काढून त्याने बाबांना अग्नी दिला. बाबांच्या छातीवर त्याने आठवणीने क्रूस ठेवला होता. माय शुद्धीवर नव्हती.

मी पोचले तिसऱ्या दिवशी. पूर ओसरला होता, फादरही सोबत होते. त्यांनी राखेवर प्रार्थना म्हटली आणि मायशी न बोलताच निघून गेले. मायला मी सांगितलं की तार उशिरा मिळाली. ते खोटं होतं. बाबा गेले त्याच दुपारी तार मला मिळाली होती आणि संध्याकाळची गाडीही होती. पण दुसऱ्या दिवशी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. बाबा तर गेलेच आहेत, एका दिवसाने काय बिघडतं, असं मी स्वतःला समजावलं. परीक्षेत पहिली आले.

मायने सगळा राग गणपतदादावर काढला. त्याच्या घरचं पाणी बंद, बोलणं बंद. दोघांच्या बांध्या लागून, तरी ती त्याच्या शेताच्या धुऱ्यावरून चालायची नाही. दादाने काही म्हणून दाखवलं नाही. तार कधी केली हे त्याला ठाऊक होतं, तरी तोंडातून शब्द काढला नाही. नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला की माय तालुक्याला जायची, कबरस्तानात कुणा परक्याच्या कबरीवरचं गवत उपटायची आणि तिथे मेणबत्ती लावून बसायची. बाबांना जाळलंय हे नंतर आलेल्या कोणत्याच फादरला सांगायची तिला लाज वाटे. ती फक्त मिस्सेत प्रार्थनेसाठी त्यांचं नाव द्यायची.

वर्षभराने नागपुरात हॉस्पिटलच्या स्वयंपाक्याचा भाऊ वारला. त्याला जाळलं, आणि आमच्या चॅपलच्या फादरनी स्वतः प्रार्थना केली. मी भीत भीत विचारलं, तर म्हणाले, चर्चने ह्याची परवानगी केव्हाच दिली आहे. म्हणजे बाबा गेले तेव्हाही चालतच होतं. त्या रात्रपाळीत मी मायला कार्ड लिहायला बसले आणि लिहिलं नाही. कार्ड तिला मास्तर वाचून दाखवणार, मग त्या दिवसाचा विषय निघणार, आणि तो निघाला की तारेचा निघणार. पुढच्या सुट्टीत सांगू म्हटलं. सुट्ट्या आल्या नि गेल्या. माझं लग्न झालं, क्वार्टर मिळालं, गॅस आला, मी वॉर्डाची सिस्टर झाले. मी मायला साड्या नेत होते, गुडघ्यांच्या गोळ्या नेत होते. जे फुकट होतं ते तेवढं नेलं नाही.

१९८६मध्ये नवे तरुण फादर अंगणात मिस्सेला आले. मी सुट्टीवर होते. जेवताना ते म्हणाले, बाबांची कबर कुठे आहे, आशीर्वाद देऊन जातो. मायच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. मग तिने खाली मान घालून खरं काय ते सांगितलं. फादर अगदी सहज म्हणाले, "अहो आजी, त्यात काही पाप नाही. हे कधीपासून चालतं." मायने माझ्याकडे पाहिलं. मी दचकायला हवं होतं. दचकले नाही, तिथेच पकडली गेले.

फादर गेल्यावर तिने विचारलं, "तुले मालूम होतं?" मी हो म्हटलं, आणि तारेचंही सांगून टाकलं. ती म्हणाली, "बारा वर्सं मी त्यायले आगीतच पाहून राहिली. तुले एक कार्ड टाकता नाई आलं?"

ती उठली आणि गणपतदादाच्या घरी गेली. ओसरीवर बसून तिने चहा मागून घेतला, असं वहिनीने मला नंतर सांगितलं. त्यानंतर ती माझ्याकडे नागपूरला कधी आली नाही. मी गेले की नीट जेवायला वाढायची, नातवांची चौकशी करायची, पाहुण्याशी वागतात तसं वागायची. भांडली असती तर बरं झालं असतं.

मागच्या वर्षी माय गेली. पूर नव्हता, रस्ता कोरडा होता, फादर तासाभरात येऊ शकत होते आणि आलेही. तार हातात पडताच मी निघाले, साडी बदलली नाही, ड्यूटीचं कुणाला सांगितलं नाही. पोचले तेव्हा चिता विझत आली होती. मी दादावर ओरडले, काहून घाई केली म्हणून. तो खाली पाहत म्हणाला, "काकीनंच सांगून ठेवलं होतं, रोजा. त्यायच्याच जागी मले जाळा, अन् पोरीची वाट पाहू नका."

आपण गाव सोडलेले लोक भेटलो की म्हणतो, घर म्हणजे जिथे आपली कुणी वाट पाहतं. मीही मान हलवते. माझं घर अजून बपेऱ्यातच आहे, दुसरं कुठलं मला घर वाटत नाही. तिथे माझी वाट पाहायची नाही, असं माय सांगून गेली आहे.