काकडांशिवाय शिजवलेली शेवळं

ऐंशीच्या दशकात मी अंबरनाथच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि रविवारी बदलापूरपुढे, बारवीच्या जंगलातल्या निसर्ग केंद्रात फुकटचं शहाणपण वाटायचे. शिबिराला कोणत्याही वयाच्या माणसाने यावं, अशी पद्धत होती. त्यामुळे आठ वर्षांची एक मुलगी आणि फॅक्टरीतून निवृत्त झालेले तिचे आजोबा एकाच रांगेतून चालत. झाडांची शास्त्रीय नावं मला तोंडपाठ होती. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली बाई म्हणजे मी.

एका पावसाळी रविवारी वाटेत शेवळं दिसली. ही रानभाजी इथले लोक आवडीने खातात, एवढं मी वाचलं होतं. मग काय, खुडली, केंद्राच्या चुलीवर कांदा-मिरचीत परतली आणि सगळ्यांना वाढली. मुलीने पुन्हा मागून घेतली तेव्हा मी केवढी फुशारले!

पाच मिनिटांत ती रडायला लागली. "बाई, घशात सुया टोचतायत!" आजोबा खाकरू लागले, मग माझाही घसा पेटला. तोंडचं पाणी पळालं. डॉक्टर बदलापुरात, एसटी थेट दुपारी. लोकांच्या पोरीला मी विष चारलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात वरच्या पाड्यावरची, केंद्रात पाणी भरणारी बाई आली. तिने टोपात डोकावून पाहिलं.

"काकडं नाय टाकली?"

"कसली काकडं?"

"आवं, रानातली आंबट फळं. त्याबिगर शेवळं खाजतातच. घाबरू नका, मरत नाय कुनी."

तिने चिंच कोळून सगळ्यांना पाजली. तासाभरात मुलगी अंगणात पळू लागली आणि माझा जीव भांड्यात पडला. सगळ्यांदेखत मी रडले, आणि मला लाजही वाटली नाही.

"आमी हितंच असतो. इचारायचं ना, बाई," ती म्हणाली. रागाने नाही, सहज. चार वर्षं ती माझ्यासमोर पाणी भरत होती आणि मला तिची तेवढीच ओळख होती.

पुढच्या रविवारी आजोबा नातीला पुन्हा घेऊन येतील, असं वाटलं नव्हतं. दोघं सगळ्यांच्या आधी हजर. शिकवायला पाड्यावरची बाई उभी राहिली, आणि मी वही उघडून मुलीशेजारी सतरंजीवर बसले. इतकं हलकं मला स्वतःच्या कुठल्याच तासाला वाटलं नव्हतं.