केरबाच्या हातातली काडी

केरबा लढाईवरून परत आला तो शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात, आणि आल्यापासून त्याचा पाय म्हणून एका जागी ठरला नाही. जेवता जेवता उठायचा, देवळात कीर्तन रंगात आलं की उठायचा, सासरा काही सांगत असला तरी उठायचा. त्याची बायको राहीबाई म्हणायची, "ह्यास्नी खिळा ठोकून बसवलं तर खिळ्यासकट हिंडतील!" बसलेला दिसायचा तो फक्त रानकाडीच्या डावाला. तिथंही उकिडवाच.

रानकाडी आता कुणी खेळत नाही, म्हणून सांगतो. मातीत चिंचोके रोवायचे, उभ्या-आडव्या ओळीत. दोघांनी आळीपाळीनं दोन चिंचोक्यांच्या मध्ये एकेक काडी ठेवायची. काडी म्हणजे बांध. चारी बाजूंनी बांध पडला की रानाचा तुकडा झाला. चौथी काडी ज्याची, तुकडा त्याचा, आणि पुढची काडीही त्यानंच ठेवायची. ज्याचे तुकडे जास्त, तो जिंकला. एक रीत मात्र कडक होती : चालू डावातून जो उठला तो हरला.

केरबाचा जोडीदार शांतिनाथआण्णा. माधवनगरच्या अलीकडं दोघांची रानं एकमेकांना लागून होती. आण्णा जैन, वयानं वडील, आणि बोलायला इतका सावकाश की त्याचं एक वाक्य होईतो केरबा विहिरीला फेरी मारून यायचा.

त्या साली नांगरताना केरबानं मधला बांध कोरला. बैल वळवताना फाळ सरकला, असं तो सांगायचा. पण फाळ सरकला होता तो या टोकापासून त्या टोकापर्यंत! पंच आले, दोरी धरली, चहा पिऊन गेले. पेरणी तोंडावर आली. आता सांगलीचं कोर्ट, असं लोक बोलू लागले, तेव्हा आण्णाच म्हणाला, "कोर्टात दोघंबी म्हातारं हू, गड्या. काडी मांडू. जिंकंल त्याचा बांध."

"मागनं फिरायचं न्हाई बघा, आण्णा!"

"मी कुठं फिरतोय? फिरतूयास तू. बस खाली."

लिंबाखाली डाव बसला. निम्मं गाव भोवती. केरबा सपासप काड्या ठेवत सुटला, आणि दिवस कलला तेव्हा त्याचे तुकडे चांगलेच पुढं होते. मग त्यानं नीट बघितलं. उरली होती एकच लांब पट्टी. तिच्यातल्या प्रत्येक तुकड्याला दोन-दोन बांध पडलेले. कुठंही काडी ठेवली की तो तिसरा बांध. चौथा आण्णा घालणार, आणि एकापाठोपाठ एक सगळी पट्टी खाऊन डाव जिंकणार. पाळी केरबाची.

केरबानं काडी हातातच धरली. आण्णा दिवस मावळायच्या आत जेवतो, हे त्याला ठाऊक होतं. भुकेनं आण्णा उठला की डाव आपला! पण त्यासाठी स्वतःला बसावं लागणार. सांगतो तुम्हाला, गावानं असा तमाशा बघितला नव्हता. केरबाची मांडी उडत होती, बोटं काडी फिरवत होती, घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

"केरबा, लढाईत बी एवढा बसला नसशील!" म्हातारा नानासो ओरडला.

तिकडून आण्णाच्या बायकोनं, गुणमालावहिनीनं, हाक मारली, "आवं, दिवस चाललाय!"

आण्णानं नुसता हात वर केला आणि केरबाला म्हणाला, "ठेव सावकाश."

दिवस बुडाला. काड्या दिसेनात, तेव्हा नानासोनं डावावर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं. "ऱ्हायलेलं उद्या."

केरबाला रात्रभर डोळा लागला नाही. हा माणूस उठला कसा नाही? उजाडताच तो आण्णाच्या दारात.

गुणमालावहिनी अंगण झाडत होती. तिनं मान वर केली नाही. "माझ्याशी बोलू नगासा, भावजी. कालधरनं त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब न्हाई. दिवस बुडाल्यावर कसं खातील?"

केरबा तिथनं जो पळाला तो लिंबापाशी. डालगं उचललं, नानासोला हाक मारून समोर उभं केलं आणि काडी ठेवली. तसाच परत आला. आण्णा उपास सोडायला पाटावर बसत होता.

"आण्णा, ठेवली. बांध तुमचा."

"मग आता माझी पाळी. जेवतो, येतो. बस तवर."

केरबा उंबऱ्यापर्यंत गेला, अंगणात आला, पुन्हा उंबऱ्यापर्यंत गेला. आण्णा एकेक घास निवांत चावत होता. केरबानं भिंतीला टेकलेलं खोरं उचललं आणि निघाला.

आण्णा हात धुऊन लिंबाखाली येऊन बसला, तर समोरची जागा मोकळी. केरबा बांधावर, कोरलेल्या जागी माती ओढत होता.

"आरं केरबा, डाव संपायचा हाय!"

"तुमीच संपवा, आण्णा! मला कुठं येळ हाय!"