चाळीस खांद्यांचे माप

हाताने विणलेल्या कापडात विणणाऱ्याचा आत्मा उतरतो, असे व्यासपीठावरून पुष्कळदा सांगितले जाते. रूपाक्काच्या मते त्यात फक्त सूत उतरते, आणि ते धुऊन घेतले नाही तर पुढे आटते.

रूपाक्का फासेपारधी. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारापलीकडे ओढ्याकाठी तिचे पाल होते, आणि मी त्याच गावात शाळामास्तर. नव्वदीचे दशक सरत आले होते. ती सुती पिशव्या विणायची. पट्टा विणताना ताण्याचे एक टोक बाभळीला बांधलेले, दुसरे तिच्या कमरेला. मागे रेलले की सूत ताणले जाई. चिडली की ती जास्त रेलायची, त्यामुळे भांडणाच्या दिवशीचे पट्टे फार घट्ट येत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पालाला टांगलेल्या एका पिशवीकडे बोट दाखवले. "अहो बाई, ती द्या."

"ती दुसऱ्याची हाय. तुमचा खांदा दावा."

तिने एक दोरा माझ्या कमरेपासून खांद्यावरून पलीकडच्या कमरेपर्यंत धरला आणि गाठ मारली. आठ दिवसांनी पिशवी मिळाली. ती अंगाला अशी बसली, की पोस्टातही मी ती खांद्यावरून काढली नाही.

माप घेतल्याशिवाय ती पट्टा विणत नसे. हे तिच्या बापाकडून आलेले. तो फासे वळायचा. "तितराचा फास तितराच्या मानंयेवढा, सशाचा सशाच्या," ती सांगायची. "आता शिकार न्हाई, फास न्हाई. पर माप हाय नव्हं?"

गावात तिला 'अहो' म्हणणारा बहुधा मी एकटाच होतो. तेवढ्यावर तिने मला भला माणूस ठरवून टाकले होते. एवढ्या स्वस्तात मिळालेली पत जपायला हवी होती.

पुढे पुण्याच्या एका संस्थेने शिरूरला आदिवासी हस्तकलेचा गौरव करायचे ठरवले. स्थानिक चिटणीस म्हणून माझे नाव निमंत्रणपत्रिकेवर येणार होते. पाहुण्यांना द्यायला चाळीस पिशव्या हव्या होत्या. मी रूपाक्काला सांगितले. तिने हातातले सूत खाली ठेवले.

"कोन कोन येनार?"

"मोठे अधिकारी, अध्यक्ष."

"मंग बरं झालं. हितं कुठं कोंबडी चोरीला गेली तरी पोलीस आदी आमच्या पालावर येतो. आता आला तर सांगन, तुझ्या साह्यबाच्या खांद्यावर माझा पट्टा हाय. त्याच्या मापाचा. इचार त्येला." मग म्हणाली, "चाळीस दोरे आना."

पाहुण्यांची मापे मागायला मी संस्थेला पत्र लिहिले. उत्तर आले, 'स्टँडर्ड साइज करावी.' हे तिला सांगितले असते तर तिने नकार दिला असता आणि पत्रिका छापायला गेली होती. एका रविवारी आरशासमोर उभा राहून मी चाळीस दोरे माझ्याच खांद्यावर मोजले. दोन-चार बोटभर कमीजास्त केले. लबाडी करतानाही माणसाला नीटनेटकेपणा सुचतो.

तिने दोरे एकाशेजारी एक धरले. "समदे भाऊ भाऊ हायेत का काय?"

"सरकारी माणसं, अक्का. एकाच साच्यातली."

ती पोटभर हसली. "तुम्ही आनलं म्हंजी खरं." आणि दोन महिने बाभळीला बांधून घेतल्यासारखी विणत राहिली.

समारंभात तिला शाल दिली, गिरणीतली. अध्यक्ष ठेंगणे होते. त्यांची पिशवी गुडघ्यावर आपटत होती. एका उंच अधिकाऱ्याची काखेत अडकली होती. 'या पिशवीत आदिवासींचा आत्मा आहे,' असे अध्यक्ष म्हणाले तेव्हा रूपाक्का उठून थेट त्यांच्याकडे गेली. पट्टा वितीने मोजला. मग अधिकाऱ्याचा मोजला. कार्यकर्त्यांनी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवले. तिने वळून माझ्या खांद्याकडे पाहिले. मी पत्रिका वाचू लागलो. माझे नाव शुद्ध छापले होते.

बाहेर जीपच्या थांब्यावर ती म्हणाली, "माझा बाप बी फशिवायचा. पर ज्येला फशिवायचं त्येचं माप घिऊन."

"अक्का, वेळ नव्हता हो."

"व्हय, साह्यब."

त्याआधी ती मला गुरुजी म्हणत असे.

पुढच्या महिन्यात कारेगावात कुणाची तरी मोटर चोरीला गेली आणि पोलीस पालावर आले. रूपाक्काने पट्ट्याचे काही सांगितले नाही, असे नंतर कळले. सांगण्यासारखे तिच्याजवळ मी काही ठेवले नव्हते. पाल उठले आणि दौंडकडे, खुटबावच्या बाजूला गेले. दोनेक वर्षांनी तिकडेच ती वारल्याचे ऐकले. बाभळीच्या बुंध्यावर दोरीचा वळ बरीच वर्षे दिसत होता.

समारंभानंतर सभागृहाच्या शिपायाने एक गाठोडे माझ्या घरी आणून टाकले होते. पाहुणे खुर्च्यांवर विसरून गेलेल्या एकतीस पिशव्या होत्या. सगळ्या मला बरोबर बसतात.