हाड नसलेली भाजी

किन्हवलीच्या बाजारात एक म्हातारी श्रावणातही चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, विकायची. टोपलीतून पळणारी चिंबोरी न बघताच पायाच्या अंगठ्याने आत ढकलायची. तिच्या लेखी प्राण्यांचे गट दोनच. हाड असलं की मटण, नसलं की भाजी.

मी वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय. एकदा माझं डोकंच फिरलं.

"मावशी, पाठीचा कणा नसला म्हणून प्राण्याची भाजी होते का? मग गांडूळही भाजीच?"

"भाजीच ती, गुरुजी," ती माझी कीव करत म्हणाली. "पन तुमच्या घरी रांधाया येयाची नाय."

मी सहा चिंबोऱ्या घेतल्या.

दारातच बायको ओरडली, "अहो, श्रावण आहे!"

मी वर्गातल्या आवाजात म्हणालो, "अपृष्ठवंशीय आहेत त्या."