माझ्या मेहुण्याच्या बारा पिशव्या

आयुष्यात कशाच्याही पहिल्या नजरेत प्रेमात न पडलेला माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आहे. मुरबाडच्या स्टँडवरचा वडासुद्धा तो आधी अर्धा खातो, पाणी पितो, मग उरलेला अर्धा खातो आणि म्हणतो, "आणखी एकदा बघू." हे त्याचं ब्रीदवाक्य. बहिणीसाठी स्थळ म्हणून मला बघायला आला, तेव्हाही त्याने हेच ऐकवलं होतं. दुसऱ्यांदा तो न सांगता उगवला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी फाटक्या बनियनवर म्हशीमागे धावत होतो. त्याने बांधावरूनच होकार दिला. "भाऊजी, तिन्ही वेळा तुम्ही सारखेच दिसलात." ही स्तुती होती, असं माझी बायको अजून म्हणते.

याचं मूळ त्याच्या नोकरीत आहे. तो भाताच्या जनुकांचा हिशेब करतो. भाताच्या बियाण्यात म्हणे अक्षरांसारखी लाखो ठिकाणं असतात, आणि कुठे ना कुठे एखादं अक्षर बदललेलं असतं. कमी पावसात रोप तगतं ते यातल्या कोणत्या बदलामुळे, हे शोधायचं. पण प्रयोगशाळेत एकेक बदल तपासायला वर्षं जातात, म्हणून लाखांतून मूठभर निवडून द्यायचे. ही निवड करण्याचा पगार आमचा मेहुणा घेतो. एकदा मी विचारलं, "जो सगळ्यांत जोरात दिसेल तो घ्यावा, त्यात काय?" त्यावर त्याने मला म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेत नेलं. "भाऊजी, हजार बैलांतला सगळ्यांत उमदा बैल निवडून घरी आणला, की तो थोडा लहान का वाटतो? त्या दिवशी त्याचं नशीबही जोरात असतं. म्हणून दुसऱ्या गावात, दुसऱ्या गोठ्यात परत बघायचा." मी तिथे खरोखरच एका बैलावर जीव टाकला होता. तो विषय मी तिथेच सोडला.

दोन वर्षांपूर्वी एका भातसंशोधन केंद्राने शहापूर-मुरबाडकडची जुनी वाणं तपासायची ठरवली. जागा फक्त बाराच वाणांना होती. निवडायचं काम अर्थातच मेहुण्याकडे आलं. त्याने गावोगाव निरोप धाडला, की मूठभर बी आणि कोरड्या वर्षांत ते कसं तगलं याची माहिती द्या, पिशवीवर वाणाचं नाव लिहा, पण आपलं नाव लिहू नका. नाव दिसलं की मन झुकतं, असं त्याचं म्हणणं. दाणा बघूनही झुकतं, म्हणून पिशव्या त्याने उघडल्याच नाहीत. साठेक पिशव्या शेणव्याला, माझ्या सासुरवाडीच्या ओटीवर रांगेने लागल्या आणि हा नुसत्या कागदाशी बोलत बसला.

त्या साठांत माझ्या सासूबाईंचं तांबडघोस होतं. चाळीस पावसाळे ते त्यांनी एकटीने जपलं. आता गुडघे चिखलात उतरू देत नाहीत, आणि शेणव्यात ते पेरायला दुसरं कुणी उरलेलं नाही. केंद्रात गेलं तर जगेल, नाहीतर त्यांच्याबरोबर संपेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. यादी लागली. तांबडघोस चौदावं.

"एकाच शेताचा पुरावा आहे, आई," मेहुणा मान खाली घालून म्हणाला.

"चालीस वरसा पेरला ता पुरावा नाय?"

"शेत एकच ना, आई."

त्यानंतर दोन दिवस सासूबाई त्याच्याशी बोलल्या नाहीत. ताट मात्र वेळेवर वाढत होत्या, आणि भात दोनदा विचारत होत्या, तोही माझ्यामार्फत. मेहुण्याचा चेहरा बघवत नव्हता, पण यादी त्याने बदलली नाही. मला त्याचा राग आला आणि आदरही वाटला.

तिसऱ्या दिवशी नाकारलेल्या पिशव्या परत करायच्या होत्या. सासूबाईंनी सवयीने एकेक पिशवी सुपात ओतून पाखडायला घेतली. सतराव्या नंबरच्या पिशवीपाशी हात थांबला. दाणा दाताखाली चावला, नखाने सोलला.

"ह्या माजाच हाये. कुनी आनला रे?"

पिशवीवर लिहिलं होतं "माहेरचं", आणि अक्षर माझं होतं. आमच्याकडे बी ज्याच्याकडून आलं त्याच्या नावाने ओळखायची रीत आहे. माझ्या बायकोच्या ओटीत लग्नात आईने घातलेली ती मूठ. मुरबाडला आमच्या शेतात ती बारा वर्षं पिकतेय आणि तिला सगळे माहेरचंच म्हणतात. तेच मी लिहिलं. आणि माझ्या बायकोच्याच सख्ख्या भावाने नियमाप्रमाणे पिशवी उघडलीच नव्हती.

तो ताडकन उठला. "दोन गावं! दोन माती! आणि दोन्हीकडे तगलं!" आम्हाला वाटलं आता आईच्या पाया पडेल. पण त्याने दोन्ही पिशव्यांतले दाणे वेगळे बांधून स्वतःच्या प्रयोगशाळेत पाठवले. "आणखी एकदा बघू," म्हणाला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

महिन्याभराने उत्तर आलं. वाण एकच. दोन्हींचा पुरावा एकत्र केल्यावर ते यादीत तिसरं आलं. फॉर्मवर नाव काय घालायचं, विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माहेरचाच लिव. माजा नाव कशाला? पोरी जातील तिकडं जाईल ता."

त्या रात्री त्यांनी त्याच तांदळाचा भात केला. मेहुण्याने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि ताट पुढे केलं. "आई, आणखी एकदा बघू." त्यांनी वाढलं, आणि यावेळी माझ्यामार्फत नाही.

आता ते बी मुरबाडला आम्हीच पेरतो आणि नवा तांदूळ आधी शेणव्याला जातो. सासूबाई चुलीशी बसूनच सगळं करतात, उठायला आधार लागतो. मेहुणा दरवर्षी तेच म्हणतो, आणि त्या दरवर्षी भाताचा डाव पुन्हा भरतात. माणसांचा मात्र त्याला हिशेब करता येत नाही. परवा निघताना तो उंबऱ्यातून दोनदा मागे वळला. "काय राहिलं?" मी विचारलं. तो म्हणाला, "काही नाही, भाऊजी. आईला आणखी एकदा बघितलं."