अनघाची बोटं

हे मी अजून कुणालाही बोललेले नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढेसुद्धा नाही — देवापुढे मी भलतंच काहीतरी पुटपुटत राहते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर माझी हिंमत झाली असती का?

मी मारकुटी आई होते. घ्या, लिहिलं एकदाचं! आता पुढचं सोपं — छे, पुढचंच तर अवघड आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दुबईत, ऊद मेथाला राहायचो. बिल्डिंगमधली प्रत्येक मुलगी भरतनाट्यम नाहीतर कीबोर्ड शिकत होती. माझ्या अनघानं मात्र कुणालाच येत नाही असं काहीतरी शिकावं, ही माझी हौस. यांच्या कंपनीच्या पार्टीला एका हॉटेलात गेलो, तिथे लॉबीत सेवदा खानम हार्प वाजवत बसल्या होत्या. माणसाएवढं उंच, तारांचं वाद्य. ऐकलं आणि तिथेच ठरवलं, पोरगी हेच शिकणार.

खानम अझरबैजानच्या. त्यांच्याकडे हार्प परक्यांचं वाद्य समजलं जायचं तेव्हा त्या हट्टानं शिकल्या, मग बाकूमध्ये मुलींची अख्खी पिढी तयार केली. तिथली जुनी गाणी हार्पवर कशी बसवायची, ते आधीच्या कुणी दाखवलंच नव्हतं, खानमनी दाखवलं. पुढे सोव्हिएत देश फुटला, पगारात पोट भरेना, आणि एवढी मोठी बाई दुबईत लोकांच्या कॉफीला साथ करायला बसली. संध्याकाळी हॉटेल, दुपारी घरी शिकवणी. हे सगळं मला ठाऊक होतं. समोर कोण आहे ते कळत असूनच मी पुढचं केलं.

शिकवणीची सुरुवात ठरलेली असायची. मुलींनी दोन्ही हात पुढे करायचे. खानम एकेक बोट चष्म्याजवळ नेऊन बघायच्या — फोड आलाय का, कातडी पुरेशी टणक झालीय का. करंगळी तेवढी सोडून द्यायच्या. हार्पला करंगळी लागत नाही. घरी सरावासाठी त्यांनी अनघाला स्वतःचं एक छोटं हार्पही दिलं होतं.

दुबईतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत अनघा वाजवणार होती. नऊ वर्षांची पोर. चुकली की मी मारायचे. आधी हातानं, मग कालथ्यानं. रडली की राग यायचा, नाही रडली तर जास्तच यायचा. यांना माहीत नव्हतं? थोडं माहीत होतं, एवढं नव्हतं. कार्यक्रमाच्या आधी एकदा ती एकाच जागी पुन्हापुन्हा अडली, आणि मी स्टीलची पट्टी उभी धरून तिच्या बोटांवर हाणली. मधलं बोट टम्म सुजलं. मला वाईट वाटलं का? नाही — मोकळं वाटलं. खरं आहे म्हणून लिहिते.

तरीही दुसऱ्या दिवशी मी तिला शिकवणीला नेलं. कार्यक्रमाची हाव, दुसरं काय! खानमनी ते बोट पाहिलं. मग हळूच तिची बाही वर सारली. दंडावर जुने वळ होते, पिवळे पडलेले. त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही.

"यू टच हर अगेन, आय टेल स्कूल. आय टेल हजबंड."

परतताना लिफ्टमध्ये परकार भाभी भेटल्या. मूळच्या रत्नागिरीच्या, त्यांची मुलगीही खानमकडेच शिकायची. "काय गो बाय, बोटाला काय झालां?" त्यांनी अनघाला विचारलं. उत्तर मी दिलं. टीचरनं मारलं, म्हणाले. तोंडातून निसटलं असं म्हणू? निसटलं नव्हतं. मी विचार करून बोलले होते.

तासाभरात ते यांच्या कानावर गेलं. हे तसेच उठले, बरोबर परकारभाई, मागे अनघाला घेऊन मी. खानमनी दार उघडलं. हे हिंदीतून शिव्या देत होते. खानमनी यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या अनघासमोर गुडघ्यावर बसल्या. "टेल पापा. टेल ट्रूथ."

अनघानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मागे उभी होते, माझा हात तिच्या पाठीवर — आणि मी चिमटा काढला. कातडी पिळून, नखं रुतेपर्यंत. मी खोटं बोलले हे बिल्डिंगला पुढे कधी कळलंही असेल. हा चिमटा फक्त आम्हा दोघींना माहीत आहे.

"शी हिट मी," अनघा म्हणाली.

यांनी खानमना ढकललं. त्या मागच्या मोठ्या हार्पवर आदळल्या. ते डोललं, तशी दोन्ही हातांनी त्याला मिठी मारून त्या सावरायला गेल्या, आणि ते त्यांना घेऊनच कोसळलं. ताणलेल्या तारा फटाक्यांच्या माळेसारख्या तुटल्या. एक तार त्यांच्या गालावर बसली, गाल फाटला. उजवं मनगट लाकडाखाली भलत्याच दिशेला वळलं होतं. हे तरी लाथा घालतच होते. हार्पला की बाईला? मी पाहिलं — दोघांना. परकारभाईंनी यांना कमरेला धरून ओढलं. "बस, खलास! बस! मर जाएगी औरत!"

एक शब्द पुरला असता. मी बोलले नाही.

खानम पोलिसात गेल्या नाहीत. हॉटेलच्या व्हिसावर घरी शिकवण्या घेत होत्या, तक्रार केली तर त्याच अडकणार, हे आम्हाला पक्कं माहीत होतं. मोडक्या हाताच्या वादकाला हॉटेल तरी किती दिवस पोसेल? त्या परत गेल्या. छोटं हार्प आमच्या घरीच राहिलं. मागायला त्या आल्या नाहीत, परत करायला मी गेले नाही. काही वर्षांनी भाभींच्या ओळखीचं कुणीतरी बाकूला जाऊन आलं. खानम अजून शिकवतात म्हणे. डाव्या हातानं दाखवतात, उजवा मांडीवर ठेवून.

त्या दिवसानंतर मी पोरीवर हात उचलला नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. उचलला. ती दहावीला जाईपर्यंत उचलला. फक्त बोटांना आणि दंडाला हात लावला नाही. पाठीवर मारलं, मांडीवर मारलं — कुणाला दिसणार नाही अशा जागी.